न मारलेली हाक

बारामतीच्या दवाखान्यात, लकव्यातून उठलेला म्हातारा माझ्या शेजारच्या बाकावर बायकोला विचारत होता.

"बानू, मी नीट चाललो न्हवं?"

"चालला. पर डॉक्टरीणबाईंनी चालता चालता मेंढ्यांची नावं सांगाया लावली आन तुमची पावलं थांबली."

"नावं तर समदी सांगितली की!"

"जाग्यावर उभं ऱ्हाऊन. कुणी बोललं की तुमचं चालणं थांबतंय."

"तुला कवापासनं ठावं?"

"म्हैना झाला."

"काल सणसरच्या रस्त्यात मी मधोमध हुतो. मागनं उसाचा ट्रॅक्टर आला, मी कडंला सरकत हुतो. तू बांधावरनं बघत हुतीस, तरी हाक मारली न्हाईस."

"तोंडात पदर कोंबला हुता. हाक मारली असती, तर तुमी तितंच थांबला असता."