वरचा लावला की खालचे उघडतात

हॅलो?… हां ताई, बोल! आला टेम्पो?… वर चढवलं? कुठे घासलं नाही ना?… मग झालं तर!… नाही झालं? काय नाही झालं?

…हं.

…हं… वरचा ड्रॉवर लावला की काय?

थांब. थांब थांब थांब. परत सांग, सावकाश. वरचा लावला… की खालचे दोन्ही… आपोआप? किती बाहेर येतात?… चार बोटं! अगं ताई!… नाही, रडत नाहीये, भुसा गेलाय डोळ्यात.

सासूबाई काय म्हणतायत?… भूत? भूत कुठून येईल, कपाट नवीन आहे, मीच केलंय. हवा आहे ती, हवा! हो, हो… अगं ऐक ना. ड्रॉवर इतके बरोबर बसलेत की बाजूने हवेला निसटायला जागाच नाही. वरचा आत ढकलला की तीच हवा खालच्यांना बाहेर ढकलते… बिघाड नाही गं! यासाठी तर वर्षभर खुर्च्यांचे पाय चिकटवत बसलेय मी! मी शिकायला आले त्या पहिल्याच दिवशी मिस्त्रीकाका म्हणाले होते, तुझा एक ड्रॉवर लावल्यावर दुसरा उघडला की खुर्च्या सुटल्या तुझ्या… अगं इथे कधी बघणार? मागची फळी ठोकली आणि टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला.

दुरुस्त? कोण दुरुस्त करतंय?… ताई. भाऊजींच्या हातात काय आहे?… लाकडी आहे? खाली पातं आहे?… रंधा आहे तो. त्यांच्याकडे रंधा कुठून आला?… शेजाऱ्यांचा. बरं. त्यांना म्हणावं, जिथे आहात तिथेच थांबा… थोडंसंच नाही, काहीच तासायचं नाही! जरा फट पडली की गेली सगळी हवा. तू फोन दे त्यांना… मग कानाला लाव त्यांच्या!

भाऊजी, नमस्कार… हो, मी बरी आहे… हो, शाळेत सुतारकाम होतं तुम्हाला, ताईने सांगितलंय. पेन ठेवायचा स्टँड. बघितलाय मी. उभा राहतो… भाऊजी, तो रंधा…

आणखी काय?… बाजूची फळी हलते? दाबली की खडखड वाजते?… वाजू दे. ती हलायलाच हवी! बाजू म्हणजे काय, भोवती चौकट आणि मधे पातळ फळी. ती खोबणीत नुसती सरकवलीय. गोंद नाही, खिळा नाही. दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. जखडली की तडकली… हो, ड्रॉवरचं काहीच तिला टेकत नाही, मुद्दाम! आधी मी ड्रॉवरच्या आधाराच्या पट्ट्या त्या फळीलाच स्क्रूने मारल्या होत्या. काका आले, वाकून बघितलं, आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. सगळ्या काढल्या. मग चौकटीच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत नवीन पट्ट्या घातल्या, दोन्ही टोकं खांबात खाचा मारून. ड्रॉवर त्यांच्यावर चालतो. आणि फळी जरा आत असते ना, म्हणून ड्रॉवर तिकडे कलंडू नये यासाठी बाजूलाही एकेक पट्टी, खांबाच्या अगदी पातळीत… भाऊजी? ऐकताय ना?

काय लावताय?… गोंद? लावला?… नुसतं झाकण उघडलंय. बंद करा… केलं?… आवाज नाही आला… हां, आता आला.

आता खरं सांगा. रंधा फिरवलात का?… दोनदा. कुठल्या ड्रॉवरवर?… सगळ्यात खालच्या. दोन्ही बाजूंनी.

रंधा आधी खाली ठेवा, भाऊजी.

थांबा, काका आले… काका, ताईच्या घरचा फोन. तक्रार आहे… म्हणजे, वरचा लावला की खालचे उघडतात, अशी तक्रार आहे… हो, खरंच… हो, स्पीकरवर टाकते. तेवढी करवत बंद करा ना!

ताई, तिन्ही ड्रॉवर घाल परत. घातलेस? फोन जवळ धर. आता वरचा ढकल. एका बोटाने. हळू…

…

कुठला आला?… मधला. किती?… दोनच बोटं. आणि खालचा?… ढिम्म. बरोबर आहे, त्याच्या बाजूच्या फटीतूनच जाते आता हवा.

…काका, तासलाय हो तो. माझा नव्हता तसा. भाऊजींनी दोनदा रंधा… काय?… असंच सांगू त्यांना?… बरं.

ताई! काका म्हणतात, खुर्च्या सुटल्या! माझ्या, माझ्या खुर्च्या! अगं ऐक ना, पुढे आहे. म्हणतात, सोमवारपासून जावईबापूंना पाठवा, खुर्च्यांचे पाय पडून आहेत… नाही, काका चेष्टा नाही करत… हो, डबा आणायचा. रंधा नाही आणायचा… खालचा ड्रॉवर मी नवा करते गं, ते होतं!

आणि तो आवाज कसला?… सासूबाई? काय करतायत?… वरचा लावतायत. मधला आला की तो लावतायत… आता वरचा आला? परत लावला?… नको, थांबवू नकोस. खेळू दे त्यांना. फोन कपाटावर ठेव, ताई. नुसता ठेव… नाही, बोलायचं काही नाही. आम्ही दोघं ऐकतोय.

…

…

हॅलो?… ताई?… बॅटरी गेली वाटतं तिची.

काका, करवत चालू करू?… थोडं थांबू?… बरं.