काळी डोण

पावसला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ मांडीवर काळ्या ऑइलपेंटचा डबा धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं,

“गेट रंगवताय वाटतं, काका?”

“नाय गो. गुरांची पाण्याची डोण. काळी केली की ऊन धरते, पाणी गोठत नाय.”

“आपल्याकडे कधी पाणी गोठलंय?”

“मीपण हेच म्हणायचो. आमचा रितेश सैन्यात, लडाखला. खेचरं सांभाळायचा. तिथे म्हणे डोण काळी रंगवतात, वर काच टाकतात. उन्हावरच पाणी तापतं, बर्फ धरत नाय. सुट्टीवर आला की आमचीही रंगवायचा.”

“इथे कशाला पण?”

“आई संध्याकाळी त्या पाण्यात म्हशीची पेंड कालवते, थंडीत तिचे हात आखडतात, म्हणायचा.”

“गुणी हो! यंदा नाही आला?”

“गेल्या थंडीत बर्फाचा कडा कोसळला. खेचरं वाचली. तो नाय.”

“अरे देवा... काकू कशा आहेत?”

“आहे. म्हशीचं तिला होईना, मेहुण्याला देऊन टाकली.”

“मग आता डोण कुणासाठी?”

“ती रोज भरते. दिवेलागणीला कोपरापर्यंत हात घालून बसते.”

“आणि हा रंग?”

“डोणीचा रंग उडालाय गो. काल म्हणाली, अहो, आज पाणी गार लागलं.”