पुलाच्या कडेची वाट

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग टाळ वाजवा! माणूस गेला — त्याला मान द्यायचा कसा? नाव उंचावर लावून? माना हलवताय सगळे! थांबा. ऐका!

शेलवली नावाचं नगरपरिषदेचं गाव. मध्ये नदी, नदीवर अरुंद पूल. दत्तोबा तांबट, भांड्यांना कल्हई करणारे, सायकल हातात धरून पुलाच्या कडेनं चालले होते. मागून ट्रक आला... गेले. कडेला पाय ठेवायला हातभर जागा असती, तर —! असो.

आता गावाची रीत! वॉर्डाला निधी आला, की शेलवलीत काय होतं? कमान! पाहुण्याचं चार कमानींखाली स्वागत होतं हो, चालायला मात्र रस्त्याची कड नाही!

नगरसेवक अण्णासाहेब बोराडे दत्तोबांच्या मुलीला म्हणाले, ‘इंदूताई, यंदाचा निधी तुमच्या वडिलांसाठी! पुलाच्या तोंडाशी कमान, वर सोनेरी अक्षरांत नाव! वॉर्डसभेत फक्त हो म्हणा.’

इंदू शाळेत शिकवणारी, चार पुस्तकं वाचलेली. पण बापाचं नाव सोनेरी अक्षरांत — कुणाचं मन पाघळणार नाही? आई तर म्हणाली, ‘जन्मभर भट्टीपुढं बसले गं. आता तरी नाव वर जाऊ दे.’

वॉर्डसभा भरली. टेबलावर नकाशा. इंदूनं त्यावर बोट ठेवलं.

‘अण्णा, हे खांब नेमके कुठं येणार?’

‘पुलाच्या दोन्ही कडांना.’

‘आणि चालणारे?’

‘जातील की वळसा घालून!’

वळसा कुठून, मंडळी? रस्त्यातून! ट्रकच्या पुढून!

इंदूचा आवाज मात्र चढला नाही. ‘कमान नको. याच निधीतून पुलाला पायी जाणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वेगळी वाट करा. कठड्यासकट.’

‘अहो ताई, मग नाव कुठं लावू? वाटेवर? लोक पाय देतील त्याच्यावर!’

‘नाव नकोच. पाय द्यायला जागा हवी.’

सगळे आईकडं बघायला लागले. आईनं डोळे पुसले. ‘अण्णा, पोरगी म्हणते तसं लिहा. मलाही बाजारात त्याच पुलावरून जायचंय.’

हात वर झाले. भराभर! शेवटी अण्णांचासुद्धा — चारचौघांत एकटे कसे राहणार?

वाट झाली. पहिल्याच दिवशी इंदू आईचा हात धरून पुलावर आली. मागून ट्रक आला, कर्कश हॉर्न वाजला — आणि इंदूनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही!

मंडळी, मान म्हणतात तो हा!

टाळ्या वाजवताय? वाजवा. पण मघाशी मी आत येत होतो, तेव्हा बाहेर एक आजीबाई भर रस्त्यातून काठी टेकत चालल्या होत्या. का? देवळापुढच्या पदपथावर मोटारसायकलींची रांग! कुणाच्या हो त्या?

खाली काय बघताय? आरती थांबेल थोडी. किल्ल्या काढा — आणि उठा!