अकरा हजार व्होल्ट म्हणजे मध्यम

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक वाक्य सोडून.

साताऱ्याच्या एका कारखान्यात वायरमनच्या मुलाखतीला मी कुंडलहून गेलो होतो. तरण्या साहेबांनी विचारलं, "मीडियम व्होल्टेज म्हणजे किती?"

"अडीचशे ते साडेसहाशे," मी जुन्या पुस्तकातलं सांगितलं.

"चूक. हजाराच्या वर, पस्तीस हजारांपर्यंत. आपली अकरा हजारांची लाइन मीडियमच."

शेजारी बसलेले फोरमन आबा, मिलिटरीतून रिटायर झालेले, उखडले. "आवं साहेब, त्या लाइनच्या खांबावर कवटी रंगवलीया. जुन्या नियमात तिला हाय व्होल्टेजच म्हणत्यात. पोराचं काय चुकलं?"

दोघांची जुंपली. चहा आला, गार झाला, माझी नोकरी राहिली बाजूला. शेवटी साहेब माझ्यावरच वैतागले, "मग तू काय समजून त्या लाइनला हात लावणार?"

मी म्हणालो, "नाव तुमी ठरवा, साहेब. मी आधी लाइन बंद करणार, अर्थिंग करणार, मगच हात लावणार."

साहेब हसले. ती नोकरी अजून चालू आहे.

आता कबूल करतो. मी तेव्हा घाबरून गप्पच बसलो होतो. ते वाक्य आबांनी माझ्या वतीनं ठोकून दिलं. आबा गेले, तेव्हापासून मी ते माझ्या नावावर खपवतो.