हलकी गाडी

तीर्थपुरीच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

“साधनाताई, तुमच्या मालकांनी सुटे भाग आणून घरीच रेसची गाडी बनवली ना? मंग तुम्ही बसनं कशा?”

“गाडी हलकी करून राह्यलेत. टप काढला, दारं काढली, पूजेची लिंबू-मिरचीबी काढली.”

“अन् तुमची सीट?”

“ती तर सगळ्यात आधी काढली.”

“अगं बाई!”

“आता ते एकटे बसले की गाडी त्यांच्याच बाजूला कलती. म्हणून माझ्या जागी सरकी पेंडीचं पोतं ठेवतेत.”

“मंग पोत्यापरीस तुम्हीच बसा की!”

“मीबी तेच म्हन्लं. तर म्हनले, पोतं ‘हळू चालवा’ म्हनत न्हाई.”