माहेरचा ताप

(गोंदिया जिल्ह्यात गोरेगाव तालुक्यातलं एक गाव. प्रफुलची तेरवी काल झाली. त्याची बायको दामिनी पिशवी भरते आहे. त्याची आई रुख्मा दारात बसली आहे.)

रुख्मा : खुशीचे कपडे काऊन भरून राहिली? पोरगी इथंच राहीन.

दामिनी : माझ्यासंग येईल ती. मायनं बापाले खाल्लं, हे रोज तिच्या कानावर पडायले नको.

रुख्मा : मी खोटी बोलली का? भाच्याच्या बारशाले माहेरी अर्जुनीले कोन गेलं? ताप कोनं आनला? तू जराशी खोकलली अन् उठून बसली. माहा प्रफुल गेला.

दामिनी : ताप मी आणला, आई. नाही कधी म्हटलं मी? पण दोघांले एकच ताप होता. गोंदियाच्या डॉक्टरनं दोघांचंही रक्त तपासलं. माझा आकडा कमी आला, यांचा लय वर. तुम्ही तिथंच बसून होत्या.

रुख्मा : डॉक्टरची भाषा मले का समजते?

दामिनी : हिंदीत बोलला तो. म्हणे, अम्मा, खून में सूजन का आकड़ा, सीआरपी, बहुत बढ़ा है. बीमारी से लड़ते-लड़ते शरीर अपने ही फेफड़े खराब कर रहा है. आज ही भरती करो.

रुख्मा : चालत होता वो तो. दवाखान्याच्या पायऱ्या आपल्या पायानं उतरला. धानाचा रोवना बाकी हाये म्हने.

दामिनी : म्हणून तं रक्त पाहिलं. वरून दिसत नव्हतं. अन् तुम्ही काय म्हटलं? माहा पोरगा बैलासारखा हाये, याले का होते. भरती कराचं तं या मरतुकडीले करा.

रुख्मा : म्हनली असन.

दामिनी : म्हटलं. घरी आणलं. दम लागला तवा मी गाडी बोलवा म्हणत होती, अन् तुम्ही काढा उकळत होत्या.

रुख्मा : लहानपनापासून कधी आजारी नाई पडला तो. लय ताकद होती त्याच्या अंगात.

दामिनी : तेच ताकद उलटली त्यांच्यावर.

रुख्मा : मालूम हाये मले.

दामिनी : काय मालूम आहे?

रुख्मा : सारंच. डॉक्टर बोलला तवाच समजलं होतं. मंग नर्सबाईनंबी बाजूले घेऊन सांगतलं.

दामिनी : अन् तरी गावभर माझं नाव सांगत फिरल्या?

रुख्मा : तुले जायले माहेर हाये. मले याच गावात राहाचं हाये, याच लोकाइत. पोराले मीच घरी आनलं, असं कसं सांगू मी?

दामिनी : मले सांगता आलं असतं. एकटीले.

(दामिनी पिशवीचं तोंड बांधते.)

दामिनी : खुशीले उठवा. बसची वेळ झाली.

रुख्मा : निजू दे जराशी. उठली का विचारते, बाबा कायनं मेला म्हनून.

दामिनी : काय सांगता मंग तिले?

रुख्मा : तुया मायले विचार म्हनते मी.