केशोरीत कोणी एकटं नाही

केशोरीच्या बसथांब्यावर माझ्या मागे दोन आज्या बसल्या होत्या.

"नंदाबाई, गोंदियाले कायले चाललीस?"

"दामिनीले भेटाले. म्हाताऱ्यांच्या एकटेपणावर अभ्यास करे ना, ते कॉलेजची पोरगी."

"झाला ना तिचा अभ्यास?"

"झाला. केशोरीत कोणी एकटं नाही, असं निघालं म्हणे."

"काऊन? तुये पोरं तं हैदराबादले."

"रोज येऊन विचारे, आजी, एकटं वाटते का? पोरगी समोर बसून चहा पिऊन राहिली, तं हो कसं म्हणू?"

"मीबी नाहीच म्हटलं."

"सगळ्याईनं तेच म्हटलं. म्हणून आता ते येत नाही."

"मंग तू जाऊन काय सांगशीन?"

"आता वाटते म्हणून सांगतो. पुन्हा विचाराले ये म्हणतो."

"एकटी नोको जाऊ, निर्मलाबाईलेबी घेऊ. तिघी मिळून सांगू, लय एकटं वाटते म्हणून."